नॅशव्हिल ते सेल्मा : चळवळीच्या चर्चवाटेने

अमेरिकेतल्या विद्यापीठांना मार्चच्या सुमारास आठवडाभराची सुट्टी मिळते. तिला 'स्प्रिंग ब्रेक' म्हणतात. या सुट्टीत मुलांचे लोंढे फ्लोरिडाच्या किनाऱ्यांकडे निघतात, हे सिनेमांमुळे आपल्याकडेही ठाऊक झालं आहे. त्याच आठवड्यात आणखी एक वर्दळ सुरू असते, तिची वार्ता मात्र फारशी कुणाला नसते. विद्यापीठांच्या आवारातली चर्चमंडळं विद्यार्थ्यांना घेऊन कुठे पुरात पडलेली घरं सावरायला जातात, कुठे गरिबांसाठी नवी घरं बांधायला, तर कुठे इतिहास पाहायला. मेथडिस्ट पंथाच्या अशा विद्यार्थी-केंद्रांना 'वेस्ली फाउंडेशन' म्हणतात. त्यांतलं पहिलं १९१३ साली इलिनॉय विद्यापीठात निघालं आणि आज देशभरातल्या अनेक विद्यापीठांत ती आहेत.

मी टेनेसी राज्यात शिकते. मूळची नागपूरची, बौद्ध घरातली. आमच्या आवारातल्या मेथडिस्ट गटाने सहलीची सूचना लावली, तिच्यावर चार गावांची नावं होती : नॅशव्हिल, बर्मिंगहॅम, मॉन्टगोमेरी, सेल्मा. काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्कांच्या लढ्याची ही गावं. मी ख्रिस्ती नाही, तरी आले तर चालेल का, असं मी गटाच्या पास्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गाडीत जागा आहे. तू कुठली?" नागपूर म्हटल्यावर त्या थांबल्या. "मग तुला यायलाच हवं. जेम्स लॉसन नागपूरला होते."

नागपुरात वाढूनही मला हे नाव माहीत नव्हतं, आणि बहुतेक नागपूरकरांना ते माहीत नसावं. म्हणून आधी त्यांची हकीकत सांगते.

जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पाद्र्याचे पुत्र. जन्म १९२८चा. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती त्यांनी सदसद्विवेकाला स्मरून नाकारली आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३मध्ये मेथडिस्ट मिशनने त्यांना नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेलं हे कॉलेज स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने उभं आहे. तिथे लॉसन विद्यार्थ्यांना खेळ शिकवत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. डिसेंबर १९५५मध्ये मॉन्टगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी शहरबसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६मध्ये ते मायदेशी परतले. फेब्रुवारी १९५७मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. दोघेही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. शिक्षण पुरं करून मगच दक्षिणेत यायचा लॉसन यांचा विचार होता. किंग यांनी त्यांना आत्ताच या असा आग्रह केला, आणि १९५८मध्ये लॉसन नॅशव्हिलला येऊन राहिले.

आमची सहल तिथूनच सुरू झाली.

नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची राजधानी. पर्यटक तिथे गाणी ऐकायला येतात. आम्ही गेलो ते क्लार्क मेमोरियल या मेथडिस्ट चर्चकडे. लॉसन यांनी इथे विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराच्या कार्यशाळा घेतल्या. त्या काळी दक्षिणेतल्या मोठ्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला सदरा विकत घेता येई, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागता येत नसे. या काउंटरवर जाऊन शांतपणे बसायचं, असं ठरलं. मात्र बसण्याआधी कित्येक महिने तालीम झाली. काही मुलं काउंटरवर बसल्यासारखी खुर्च्यांवर बसत. बाकीची गुंड होऊन त्यांना शिव्या देत, खुर्ची ओढत, सिगारेटचा धूर तोंडावर सोडत. मार बसला तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला जास्त लागत असेल तर मधे कसं यायचं, नजर कशी खाली पडू द्यायची नाही, हे सगळं घोटून घेतलं जाई. या वर्गात जॉन लुइस होते, डायान नॅश होत्या, जेम्स बेव्हल आणि बर्नार्ड लाफायेत होते. सगळे कॉलेजात शिकणारे, म्हणजे आमच्याच वयाचे.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुलं फिफ्थ अव्हेन्यूवरच्या दुकानांत जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला आणि अटक झाली ती मार खाणाऱ्या ८१ विद्यार्थ्यांना. लॉसन यांना ते शिकत असलेल्या विद्यापीठाने काढून टाकलं. पुढे अनेक वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावलं. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा हजारो लोक एक शब्द न बोलता नगरभवनापर्यंत चालत गेले. तिथल्या पायऱ्यांवर डायान नॅश यांनी महापौरांना थेट विचारलं, आणि हा भेदभाव चूक आहे, असं महापौरांना सर्वांसमक्ष मान्य करावं लागलं. १० मेपासून काउंटर खुले होऊ लागले.

नॅशव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयात या लढ्याचं एक दालन आहे. तिथे त्या काउंटरची प्रतिकृती मांडली आहे आणि विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेले दहा नियम तिच्यावर कोरले आहेत : उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, प्रमुखाने सांगितल्याखेरीज जागा सोडू नका. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवायला सांगितली आहे. मी त्या उंच स्टुलावर बसले तेव्हा मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याची ओंजळ आणि कॉफीचा कप यांमधला काळ तेहतीस वर्षांचा, पण मागणं एकच होतं : जे सगळ्यांना मिळतं ते आम्हालाही सगळ्यांसारखंच मिळावं.

त्या रात्री आम्ही एका चर्चच्या सभागृहात पथाऱ्या टाकल्या. अशा सहलींची ही रीतच असते. हॉटेलाचा खर्च टाळायचा, वाटेतल्या चर्चने छप्पर द्यायचं आणि तिथल्या बायांनी जेवू घालायचं. तळलेली कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव, चीजमध्ये भाजलेली मॅकरोनी आणि घशाशी येईल इतका गोड गार चहा. दारू नाही, भांडी ज्याची त्याने घासायची, आणि झोपण्यापूर्वी गोल बसून दिवसाबद्दल बोलायचं. त्या बैठकीत मी महाडची गोष्ट सांगितली. तळ्यानंतर काय झालं, असं एका मुलीने विचारलं. सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं, हे ऐकल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग इथल्या पोहण्याच्या तलावांची हकीकत पास्टरबाईंनी सांगितली. काळ्या मुलांना आत घ्यायला लागू नये म्हणून अनेक गावांनी आपले सार्वजनिक तलावच बंद करून टाकले, काहींनी तर ते बुजवले.

नॅशव्हिलहून दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर बर्मिंगहॅम. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी जवळजवळ सापडल्या म्हणून १८७१ साली वसवलेलं हे पोलादाचं शहर. टेकडीवर अग्निदेव व्हल्कनचा ओतीव लोखंडी पुतळा आहे. शहराच्या मध्यात केली इनग्राम पार्क, आणि त्याच्या कोपऱ्यावर सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. १९११मध्ये पूर्ण झालेली ही इमारत वॉलेस रेफिल्ड या काळ्या वास्तुविशारदाने रेखाटली.

२ मे १९६३ रोजी या चर्चच्या दारातून शाळकरी मुलांच्या रांगा बाहेर पडल्या. मोठ्यांनी तुरुंगात जायचं तर नोकरी जाणार, घर बंद पडणार. मग मुलं पुढे झाली. त्यांना तयार केलं होतं जेम्स बेव्हल यांनी, नॅशव्हिलच्या त्याच वर्गातल्या विद्यार्थ्याने. पहिल्याच दिवशी शेकडो मुलं तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस खातं ज्यांच्या हाती होतं त्या बुल कॉनर यांनी आगीच्या बंबाचे फवारे आणि कुत्रे मुलांवर सोडले. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. बागेत आज त्या कुत्र्यांची शिल्पं वाटेच्या दोन्ही बाजूंनी अशी अंगावर येतात की मधून चालताना पाय आपोआप आखडतात.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटं. क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी पेरलेला बॉम्ब चर्चमध्ये फुटला आणि चार मुली गेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. पहिल्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, आणखी दोघांना २००१ आणि २००२. बॉम्बनंतर वेल्स देशातल्या लोकांनी वर्गणी काढून चर्चला काचेची एक खिडकी दिली. कुणा एका धनिकाचं दान होऊ नये म्हणून माणशी वर्गणी मुद्दाम लहान ठेवली होती. जॉन पेट्स या कलाकाराने तिच्यावर काळा ख्रिस्त रंगवला आहे. त्याचा एक हात अन्याय अडवतो, दुसरा क्षमा करतो. रविवारी आम्ही याच खिडकीखाली उपासनेला बसलो. स्मारक म्हणून नावाजलेलं हे चर्च आजही रोजच्या वापरातलं आहे. तिथे लग्नं होतात, मुलांचे वर्ग भरतात. प्रमुख गायिकेने ओळ उचलायची आणि साऱ्या सभागृहाने ती झेलायची, ही तिथली गाण्याची पद्धत मला आपल्या भजनासारखी वाटली. शब्द येत नसतानाही मला त्या गाण्यात मिसळता आलं.

मॉन्टगोमेरी तिथून दीडशे किलोमीटरवर. अलाबामाची राजधानी. कॅपिटॉलच्या ज्या पायऱ्यांवर १८६१मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाने शपथ घेतली, तिथून हाकेच्या अंतरावर डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट हे लाल विटांचं छोटं चर्च उभं आहे. १९५४मध्ये किंग इथे पाद्री म्हणून आले. १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला, आणि जो बहिष्कार सुरू झाला तो ३८१ दिवस चालला.

एवढा काळ हजारो माणसं बसविना कामावर कशी गेली, हे मला इथे कळलं. जो अँन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रकं छापून घेतली. चर्चनी स्टेशनवॅगन गाड्या घेतल्या आणि त्या ठरलेल्या थांब्यांवर फिरत राहिल्या. पेट्रोलचा पैसा उभा करणाऱ्यांत जॉर्जिया गिलमोर होत्या. त्या स्वयंपाकीण. कोर्टात बहिष्काराच्या बाजूने साक्ष दिली म्हणून त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घरीच चूल मांडली. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी पाय, केक आणि कोंबडीचे सँडविच विकत आणि जमलेला पैसा सभेत आणून देत. आपल्या गटाला त्यांनी 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' म्हणजे 'कुठलाच नसलेला क्लब' असं नाव ठेवलं, कारण विकत घेणारे आणि शिजवणाऱ्या, दोघांचीही नावं उघड झाली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या.

किंग यांचं घर साउथ जॅक्सन स्ट्रीटवर आहे. ३० जानेवारी १९५६च्या रात्री त्याच्या ओसरीवर बॉम्ब पडला. आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्याआधी काही दिवस एका रात्री धमकीच्या फोननंतर किंग याच घराच्या स्वयंपाकघरात एकटे बसले होते आणि तिथेच त्यांना मागे न हटण्याचं बळ मिळालं, असं त्यांनी पुढे सांगितलं. ते टेबल अजून तिथे आहे. गावातलं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चही पाहण्यासारखं आहे. मंडळींनी रोज एकेक वीट आणून ते बांधलं, म्हणून त्याला 'रोज एक वीट' चर्च म्हणतात. मे १९६१मध्ये बसप्रवासातला भेदभाव मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सना मॉन्टगोमेरीच्या बसस्थानकावर बेदम मारलं गेलं. त्यांत जॉन लुइस होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठिंब्यासाठी या चर्चमध्ये सभा भरली, तेव्हा बाहेर जमावाने वेढा घातला आणि हजाराहून अधिक माणसं रात्रभर आत अडकली.

चळवळ चर्चमध्येच का जन्मली, याचं उत्तर मला या विटांत मिळालं. दक्षिणेत शाळा सरकारी होत्या, नोकऱ्या गोऱ्यांच्या हातात होत्या, जमीन बहुतेक त्यांचीच होती. पूर्णपणे काळ्या लोकांच्या मालकीची संस्था म्हणजे त्यांचं चर्च. इमारत त्यांनी पै पै जमवून बांधलेली. पाद्र्याचा पगार त्यांच्याच वर्गणीतून, म्हणून बोलला तरी त्याला कुणी कामावरून काढू शकत नव्हतं. आठवड्यातून एकदा सगळी वस्ती तिथे जमे, पैसा जमवायची आणि त्याचा हिशेब ठेवायची तिला सवय होती. सभागृह, तळघर, स्वयंपाकघर, गाणी, पदाधिकारी, सारं तयार होतं. धैर्याला राहायला घर लागतं. ते या लोकांनी आधी शंभर वर्षं खपून बांधून ठेवलं होतं.

मॉन्टगोमेरीच्या एका टेकडीवर शांतता आणि न्यायाचं राष्ट्रीय स्मारक आहे. ब्रायन स्टीव्हनसन यांच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने २०१८ साली ते खुलं केलं. जमावाने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक काळ्या माणसांची ही स्मृती. आठशेहून अधिक गंजक्या रंगाचे पोलादी स्तंभ, एकेका काउंटीचा म्हणजे जिल्ह्याचा एकेक. सुरुवातीला ते आपल्या डोळ्यांसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते, स्तंभ वर टांगलेले राहतात आणि आपण त्यांच्या खालून चालू लागतो. आमच्यातली एक मुलगी आपल्या गावची काउंटी शोधत होती. तिला ती सापडली, आणि तिच्यावर नावंही सापडली. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, एवढंच ती म्हणाली. सहलीत सर्वाधिक वेळ या स्मारकाला आणि त्याच संस्थेच्या लेगसी म्युझियमला द्यावा, असं मी सांगेन.

शेवटचा मुक्काम सेल्मा. १९६३मध्ये इथे मतदार-नोंदणीचं काम सुरू करायला आले ते बर्नार्ड लाफायेत, तेही नॅशव्हिलच्या वर्गातले. काळ्या माणसाला मतदार होण्यासाठी तेव्हा परीक्षा द्यावी लागे, आणि ती घेणारा अधिकारी वाटेल ते विचारू शके. फेब्रुवारी १९६५मध्ये जवळच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. त्याच्या मृत्यूनंतर ७ मार्चला सुमारे सहाशे माणसं ब्राउन चॅपल चर्चमधून मॉन्टगोमेरीकडे निघाली. पुढे होते होझिया विल्यम्स आणि जॉन लुइस. एडमंड पेटस पुलाला मधे उंचवटा आहे, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांना खाली उभी पोलिसांची फळी दिसली. तरी ती माणसं पुढे चालत राहिली. लाठ्या आणि अश्रुधूर यांचा तो दिवस 'ब्लडी संडे' म्हणून ओळखला जातो. लुइस यांची कवटी फुटली. दोन आठवड्यांनी, २१ मार्चला, पुन्हा मोर्चा निघाला आणि २५ मार्चला पंचवीस हजार लोक राजधानीत पोहोचले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला.

आम्ही दोघादोघांच्या रांगेत पूल चालून गेलो. पुलाला ज्याचं नाव आहे तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी. ते नाव अजून कायम आहे. सेल्मा आज गरीब गाव आहे. बरीच दुकानं बंद आहेत, जानेवारी २०२३च्या टोर्नेडो वादळाने आणखी मोडतोड केली. ब्राउन चॅपलला वाळवी आणि ओल यांनी पोखरलं, त्यामुळे दुरुस्तीचं मोठं काम हाती घ्यावं लागलं. ते आम्ही बाहेरूनच पाहिलं. आम्हाला जेवू घालणाऱ्या आजीबाई मोर्च्याच्या वेळी शाळेत होत्या. त्या म्हणाल्या, "बाळांनो, फोटो काढा, पण मत द्यायला विसरू नका. आम्ही त्याच्यासाठी चाललो."

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. हा सारा प्रवास मोटारीने सहज होतो. सेल्मा मॉन्टगोमेरीपासून ऐंशी-एक किलोमीटरवर आहे आणि मोर्च्याचा मार्ग आता राष्ट्रीय ऐतिहासिक वाट म्हणून राखलेला आहे. मार्चच्या पहिल्या आठवडाअखेरीस सेल्मात पुलाचा वार्षिक सोहळा असतो. बहुतेक चर्च आजही रोजच्या वापरातली आहेत, म्हणून आतून पाहायची तर आधी वेळ ठरवावी. काही संग्रहालयं आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतात. रविवारच्या उपासनेला कुणीही बसू शकतं. विद्यापीठातल्या चर्चमंडळाबरोबर जाण्याचा फायदा असा की निवारा, जेवण आणि बोलायला माणसं तिन्ही मिळतात. धर्म आड येत नाही.

जेम्स लॉसन ९ जून २०२४ रोजी वारले. ज्या १९५६ साली ते परतले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला होता, आणि १९४६मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. हे नातं जुनं आहे, आपल्या अभ्यासक्रमात मात्र त्याला फारशी जागा नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांनी एका स्प्रिंग ब्रेकला ही वाट जरूर चालावी. आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी सुट्टीचा एक आठवडा अशाच सहलीला द्यावा : पुण्याचा फुलेवाडा, महाडचं चवदार तळं, नाशिकचं काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी. वाटेतल्या विहारांनी, चर्चनी, मंदिरांनी आणि शाळांनी मुलांना रात्रीपुरतं छप्पर आणि साधं जेवण द्यावं, आणि रात्री त्यांना एकत्र बसवून बोलतं करावं. याला फार पैसा लागत नाही. दारं उघडी ठेवणारी माणसं मात्र लागतात, आणि तशी माणसं आपल्याकडेही आहेत.